विसरायचं तर घ्यायची कशाला?

गाडी चालवणारी माणसं वेगळी आणि गाडी राखणारी माणसं वेगळी. बापू दुसऱ्या जातीतले. कर्जतच्या दहिवलीत, कडावला, कशेळ्याला, नाहीतर तिकडे चौक-खोपोलीकडे रविवारी सकाळी कुठल्याही आळीत शिरा. एका तरी घराच्या ओट्यावर कालचं वर्तमानपत्र पसरलेलं असतं, त्यावर यामाहा आरएक्स १०० चे अवयव मांडलेले असतात आणि शेजारी बनियनवर, चष्मा कपाळावर चढवून एक गृहस्थ उकिडवे बसलेले असतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे भाई, कुठे सर. आपण बापू म्हणू.

'गाडी बिघडली का हो?' असं बापूंना विचारायचं नसतं. बापूंची गाडी बिघडत नाही. 'जरा मिसिंग वाटलं, म्हटलं बघावं', एवढंच त्यांचं म्हणणं असतं. हे बघणं सकाळी आठला सुरू होतं, जेवणाची तीन बोलावणी परतवून लावतं आणि ओट्यावरचा दिवा लावायची वेळ झाली की पुढच्या रविवारपर्यंत तहकूब होतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर चार जपानी कंपन्या चार देशी भागीदारांचा हात धरून भारतात उतरल्या. सुझुकी टीव्हीएसबरोबर होसूरला, होंडा हिरोबरोबर, यामाहा एस्कॉर्ट्सबरोबर आणि कावासाकी आमच्या घाटावर, आकुर्डीला, बजाजकडे. तोवर मोटरसायकल म्हणजे बुलेट, येझदी नाहीतर राजदूत. १९८५ साली आरएक्स १०० आली. अकरा अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलो. मूठ पिळली की चालवणारा पुढे आणि त्याची टोपी मागे. बापूंनी नोकरी लागल्यावर सोसायटीचं कर्ज काढून ती घेतली. पुढे कर्ज फिटलं, १९९६ साली कंपनीने गाडी काढणं थांबवलं, बापू निवृत्त झाले. गाडी आहे.

आरएक्स १०० आली त्याच सुमारास हिरो होंडाची सीडी १०० आली होती. फोर स्ट्रोक, ॲव्हरेज भरपूर. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात. ही जाहिरात बापूंना अजून झोंबते. 'विसरायचं तर घ्यायची कशाला?' ते विचारतात. शेजारच्या स्प्लेंडरकडे ते ज्या नजरेने बघतात त्यात राग नसतो, कीव असते. तिच्यात बिघडतच नाही काही. मालकाने बिचाऱ्याने रविवारी करायचं काय?

आरएक्स मात्र टू स्ट्रोक. तिच्या इंजिनात फोर स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत. पिस्टनच वरखाली होताना सिलेंडरची भोकं उघडतो आणि झाकतो. ऑईल पेट्रोलबरोबर जळतं आणि त्याचा कार्बन एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या नळीत साचत जातो. मग गाडी ओढ घेत नाही. तेव्हा बापू सायलेन्सरमधली नळी ओढून काढतात आणि परसात चुलीवर जाळतात. त्या धुराने आळीतल्या खिडक्या पटापट मिटतात, वाळत घातलेले कपडे आत जातात आणि बापूंच्या सौभाग्यवती, म्हणजे आपल्या वहिनी, माहेरच्या माणसांना फोन करायला घेतात. गाडीला ऑईलचा पंप आहे, पण बापूंचा पंपावर विश्वास नाही. ते खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून टाकीतच ऑईल घालतात, लिटरला तीस मिली. त्या घरात खोकला झालाच तर औषध अंदाजाने प्यावं लागतं.

खरी परीक्षा कार्बोरेटर खोलताना. त्याचे स्क्रू जपानी मापाचे. दिसायला आपल्या स्टार स्क्रूसारखेच, पण खाच जराशी वेगळी. साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर लावून जोर केला की तो वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. मग तो स्क्रू सात जन्म निघत नाही. बापूंनी त्यासाठी एका स्क्रू ड्रायव्हरचं टोक घासून खास बनवलेलं आहे. तो देवघराच्या खणात, गंधाच्या सहाणेशेजारी असतो. त्याला घरात दुसरं कोणी हात लावत नाही. धाकटीने एकदा त्याने श्रीखंडाच्या डब्याचं झाकण उचकटलं होतं. अजून विषय निघतो.

स्क्रू निघाले की खालची वाटी उतरते, मग तरंगता फ्लोट, त्याची पिन, सुई, आणि शेवटी जेट. तांदळाच्या दाण्याएवढा पितळी तुकडा, मधोमध केसाएवढं भोक. त्या भोकात कचरा अडकला की गाडी चढावर मान टाकते. टाचणी खुपसायची नाही, भोक मोठं होतं. वायरीतली तांब्याची एकच तार घालून, फुंकर मारून साफ करायचं. सगळे भाग क्रमाने राहावेत म्हणून बापू ते आप्पेपात्रात ठेवतात, एका खळग्यात एक. वहिनींनी दुसरं आप्पेपात्र आणलं आणि त्यावर खिळ्याने स्वतःचं नाव कोरून घेतलं. तरी पाहुणे आप्पे खाण्याआधी हुंगतात.

एकदा हाच जेट बोटातून निसटला. टण्‌ असा बारीकसा आवाज आला आणि बापू ओरडले, 'कोणी हलू नका!' जो जिथे होता तो तिथे थांबला. धाकटी एक पाय उंबऱ्याआत आणि एक बाहेर, दूधवाला फाटकात. थोरल्याने जुन्या स्पीकरचं चुंबक काढून ओटा विंचरला. तीन खिळे, एक सेफ्टीपिन आणि मागच्या वर्षी हरवलेलं वॉशर निघालं. पितळ चुंबकाला चिकटत नाही हे बापूंना माहीत होतं, पण पोरगं निदान कामाला लागलंय म्हणून ते काही बोलले नाहीत. दुपारी वहिनी सुपातले तांदूळ निवडत बाहेर आल्या. 'अहो, हा खडा तुमचा का?' बापूंनी जेट घेतला, फुंकला आणि म्हणाले, 'तरी मी म्हणत होतो, तो घरातच आहे.'

बोरघाट हे बापूंच्या गाडीचं तीर्थही आणि स्मशानही. चढताना गाडी तक्रार करत नाही, घोटाळा होतो तो लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना. उतारावर पेट्रोल वाचवायला माणूस मूठ सोडून देतो. पेट्रोल बंद म्हणजे ऑईलही बंद, आणि गिअरमधलं इंजिन तर जोरात फिरतच असतं. कोरडा पिस्टन तापून फुगतो, सिलेंडरला धरतो आणि मागचं चाक जागीच आवळतं. म्हणून घाट उतरताना मधूनमधून मूठ पिळायची, हे बापू वरातीतल्या नवरदेवालाही थांबवून सांगतात. पिस्टनने पकडलं की सिलेंडरला रेघा पडतात. मग खोपोलीतला लेथवाला गाठायचा, बोअर करून घ्यायचा आणि पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसवायचा. बोअर मुळात पन्नास मिलिमीटरचा. पाव, अर्धा, पाऊण, एक असे चार टप्पे मिळतात, पुढे स्लीव्ह बदलायची. घरातल्या साऱ्या तारखा या हिशेबात बसवलेल्या आहेत. थोरला झाला तेव्हा स्टँडर्ड होता, धाकटी पावाला झाली, वडील गेले ते अर्ध्यावर.

सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ. तिथल्या दुकानात 'ओरिजिनल आहे का?' असं विचारलं की दुकानदार 'ओरिजिनलच' म्हणतो. बापू वस्तू उजेडात धरतात, नखाने घासतात, नाकाशी नेतात आणि 'ठेवा' म्हणतात. कर्जतहून रेल्वेने जायचं, दिवसभर फिरायचं आणि खिशात एक ऑईल सील घेऊन संध्याकाळी परतायचं. गाडी पुण्याला एकदाही गेलेली नाही. तिच्यासाठी बापूंच्या किती फेऱ्या झाल्या ते स्टेशनवरच्या वडेवाल्याला विचारा.

पावसाळ्यात तर विचारू नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जून ते सप्टेंबर कर्जतच्या हवेत पाण्यावाचून दुसरं काही नसतं. पाणी टाकीच्या तळाशी, तिथून गंज, गंजाचा चुरा जेटमध्ये. बापूंना हे इतकं आवडतं की ते इथेनॉलच्या विरोधात बोलतात तेव्हा आवाजात कृतज्ञता असते.

सगळं जोडून झालं की किक. पहिल्या वीस किका बापूंच्या, पुढच्या थोरल्याच्या. मग घाट चढणाऱ्या गाडीला कर्जत स्टेशनात मागून बँकर इंजिनं लागतात, तसे दोन पुतणे मागे लागतात आणि बापूंना शाळेच्या उतारापर्यंत ढकलतात. तिथे ती एकदाची फटफटते, निळा धूर सोडते आणि आळीभर टाळ्या पडतात. बापू बाजारापर्यंत जाऊन येतात, गाडी लावतात, कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, 'टायमिंग चेनचा आवाज येतोय का रे?' पुतण्या म्हणतो, 'काका, टू स्ट्रोकला टायमिंग चेन नसते.' 'तेच म्हणतोय,' बापू म्हणतात, 'मग आवाज कसला?' पुढचा रविवार ठरतो.

सरकारही बापूंना मोकळं सोडत नाही. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची, पर्यावरण कर भरायचा. आता १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना चोरीपासून बचाव म्हणून हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आली. तीही बापूंनी बसवली. पण ही गाडी चोरायची तर आधी ती चालू करावी लागेल, आणि त्या आवाजात अख्खी आळी जागी होईल.

शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणारी मुंबईची पोरं ओट्यापाशी थांबतात. 'काका, विकणार का?' आकडा लाखाच्या पुढे जातो. घरातून वहिनींच्या बांगड्यांचा आवाज येतो, तो होकारार्थी असतो. बापू म्हणतात, 'चालवाल, पण खोलाल का?' पोरं म्हणतात, मेकॅनिककडे देऊ. तिथेच सौदा मोडतो.

आता एक गोष्ट मात्र बापूंच्या विरोधकांनीही मान्य केलेली आहे. कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली, मग ती कावासाकी असो, सुझुकी असो नाहीतर ती कीव येणारी स्प्लेंडर असो, बापू येतात, प्लग काढतात, त्याचा रंग बघतात, एक वायर हलवतात आणि दहा मिनिटांत गाडी सुरू. दुसऱ्याची गाडी ते चालू करायला हातात घेतात, स्वतःची उघडायला. हा फरक कळला की बापू कळले.

तेव्हा कर्जत-खालापूरकडे आलात आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं दिसलं, तर दोन गोष्टी सांभाळा. गाडी धडधाकट असेल तर हात करून पुढे निघा, थांबलात तर दुपार गेली. बंद पडली असेल तर खुशाल ढकलत न्या. पैसे घेणार नाहीत. चहा मिळेल. फक्त आप्पे पुढे आले तर ते कुठल्या आप्पेपात्रातले आहेत, हे वहिनींना विचारून घ्या.