जिओ-टॅग केलेलं भवितव्य

करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमात सगळ्यात महत्त्वाचा माणूस कोण असतो? पाहुणे? प्राचार्य? विद्यार्थ्यांचं तर नावच काढू नका. मागच्या भिंतीला टेकून, मोबाईल आडवा धरून उभे असलेले ते सर सगळ्यात महत्त्वाचे. त्यांच्या मोबाईलमध्ये जीपीएस कॅमेऱ्याचं ॲप असतं. फोटोच्या खालच्या पट्टीत नकाशाचा तुकडा, तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश सगळं आपोआप छापून येतं. हा फोटो कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत जातो. नॅकच्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षांचं आणि करिअरचं मार्गदर्शन किती मिळालं त्याचा आकडा द्यावा लागतो, आणि आकडा आला की पुरावा आला. त्यामुळे सभागृह भरलेलं असण्यापेक्षा भरलेलं दिसणं गरजेचं. मग शिपाईमामा वर्गावर्गात निरोप देऊन येतात: ‘हजेरी हॉलमध्येच होणार आहे.’ पोरं धावत येतात.

म्हणजे आमचा विद्यार्थी पृथ्वीच्या पाठीवर नेमका कुठे बसला आहे, हे दशांश चिन्हापुढच्या सहा आकड्यांपर्यंत नोंदलेलं आहे. तो इथून कुठे जाणार, त्यासाठी मात्र फायलीत रकाना नाही.

कार्यक्रम ठरलेला. दीपप्रज्वलन होतं, त्यात वाऱ्यामुळे काडेपेटी अर्धी संपते. पर्यावरण जपायचं म्हणून हल्ली बुकेऐवजी रोप देतात, ते गाडीत विसरलं जातं. पाहुण्यांचा परिचय एवढा लांबतो की त्यांनी आणखी काही केलं असतं तर कार्यक्रम दोन दिवसांचा ठेवावा लागला असता. मग भाषण. त्यात कलाम येतात, धीरूभाई येतात, सचिन येतो. स्वप्नं मोठी बघा, जिद्द सोडू नका, कम्फर्ट झोनमधून बाहेर या. हे सांगणारे गृहस्थ एसीसमोरची खुर्ची सोडायला तयार नसतात. शेवटी एखादा पोरगा धीर करून विचारतो, ‘सर, मी बीएस्सीला आहे. एअरपोर्टवर काय काम मिळू शकतं?’ पाहुणे हसतात. ‘बाळा, मनात आणलंस तर काहीही!’ टाळ्या. वेळेअभावी प्रश्नोत्तरं आटोपती घेतली जातात. आभारप्रदर्शनाला मात्र वेळेचा अभाव नसतो.

त्या पोराला खरं उत्तर देता आलं असतं. आमच्या पनवेलच्या उंबरठ्यावर विमानतळ उभा राहिला, 8 ऑक्टोबर 2025 ला त्याचं उद्घाटन झालं, 25 डिसेंबरला विमानं उडायला लागली. पहिल्या टप्प्यातच वर्षाला 2 कोटी प्रवाशांची क्षमता. एवढं मोठं धूड डोक्यावरून जातं, तर त्याला वाट दाखवणारा कुणीतरी असतोच. तो हवाई वाहतूक नियंत्रक. एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडिया ही पदं ज्युनियर एक्झिक्युटिव्ह म्हणून परीक्षा घेऊन भरते. बीएस्सीला भौतिकशास्त्र आणि गणित असेल तर अर्ज करता येतो, इंजिनीअरिंगवाल्यांनाही करता येतो. वयाची कमाल मर्यादा सर्वसाधारण गटाला 27 वर्षं. सांगायला अर्धा मिनिट लागतं. पण त्यात धीरूभाई नाहीत, म्हणून ते भाषणात बसत नाही.

हे अर्ध्या मिनिटाचं ज्ञान प्रवेशाच्या वेळी मिळायला हवं. कारण नव्या शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याच्या हातात भलतंच स्वातंत्र्य दिलं आहे. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी. ही विषयांची नावं नव्हेत, विषयांच्या डब्यांची नावं आहेत. आत काय आहे ते डबा उघडल्यावर कळतं. मग विषय कसा निवडतात? मित्राने जो घेतला तो. नाहीतर ज्याचं लेक्चर साडेदहाच्या आत संपतं तो. कारण पुढे पेणची एसटी असते, नाहीतर क्लास. गणित अवघड म्हणून पहिल्याच वर्षी त्याला रामराम ठोकला की कंट्रोल टॉवरचं दार लागतं. दार लागल्याचा आवाज तीन वर्षांनी येतो.

विमानतळावरची आणखी एक बाब पाहुणे सांगत नाहीत. आत काम करायचं तर एअरपोर्ट एंट्री पास लागतो. तो नागरी विमान सुरक्षेचं खातं देतं आणि त्याआधी पार्श्वभूमीची पडताळणी होते. तेव्हा भाऊंच्या वाढदिवसाला सायलेन्सर काढून रॅली काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की गुन्हा दाखल झालाच तर भाऊ विमानात बसतील आणि तुम्ही गेटबाहेर त्यांना हार घालायला उभे राहाल. हेसुद्धा करिअर मार्गदर्शनच आहे.

दुसरीकडे बघा. उरणला जवाहरलाल नेहरू बंदर आहे, 1989 पासून. देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांत त्याची गणना होते. त्याचे ट्रेलर कळंबोलीच्या चौकात आमची वाट अडवतात, तेव्हा आपण शिव्या घालतो. त्या ट्रेलरच्या मागे कागदांचा एक अख्खा व्यवसाय चालतो, हे बीकॉमच्या वर्गात कुणी सांगत नाही. आयातीला बिल ऑफ एंट्री, निर्यातीला शिपिंग बिल. हे भरणारे कस्टम्स ब्रोकर, ज्यांना बाजारात अजून सीएचए म्हणतात. त्यांच्याकडच्या माणसांना कस्टम्स खात्याची कार्डं लागतात: सुरुवातीला एच, परीक्षा दिली की जी, ब्रोकरच्या लायसन्सची परीक्षा पास झालात की एफ. ही पायरीपायरीने चढायची शिडी आहे आणि तिची पहिली पायरी पनवेलहून तासाभरावर आहे. आमचा बीकॉमचा पोरगा मात्र ‘आंतरराष्ट्रीय व्यापाराचे फायदे’ यावर दहा मार्कांचं उत्तर पाठ करतो. मुद्दे सात, प्रस्तावना वेगळी.

घरातलं मार्गदर्शन वेगळ्या जातीचं. तिथे स्वप्नं वगैरे भानगड नाही. काका म्हणतात, ‘पर्मनंट बघ.’ संपलं भाषण. एके काळी या भागात पर्मनंट म्हणजे रसायनीची एचओसी. केंद्र सरकारची कंपनी, कॉलनी, बस. मुलगा एचओसीत लागला की स्थळं दारात. त्या एचओसीचे रसायनीतले जवळजवळ सगळे प्लांट बंद करायचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने 2017 मध्ये घेतला. एक प्लांट तेवढा इस्रोकडे गेला, कारण रॉकेटचं इंधन जाळायला त्यातलं रसायन लागतं. कंपनी पर्मनंट नव्हती, हे कर्मचाऱ्यांना ती बंद होताना कळलं. काकांना अजून कळलेलं नाही.

आणि पर्मनंटची गोष्ट निघालीच आहे, तर इथून जवळच शिरढोणला 1845 साली जन्मलेल्या एका मुलाचंही उदाहरण घेऊ. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. पक्की सरकारी नोकरी. आजच्या कुठल्याही समुपदेशकाने त्याला ‘सेटल’ या रकान्यात टाकून फाईल बंद केली असती. त्याने पुण्यात शाळा काढायला हातभार लावला आणि पुढे इंग्रज सरकारविरुद्ध बंड उभारलं. वासुदेव बळवंत फडके. पनवेलच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव दिलं आहे.

सरकारनेही हात टेकलेले नाहीत, प्रयत्न केला. 2016 मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू झाली. सात क्षेत्रं: कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. कल्पना वाईट नव्हती. पण ज्याचा कल ललित कलेकडे निघाला त्याच्या बापाने तो कागद वाचून घडी घालून रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि पोराला सायन्सला घातलं. काही वर्षांनी चाचणीच थंडावली. कल कळला तरी गावातल्या कॉलेजात त्या कलाचं शिकवणारं कुणी आहे का, हे चाचणीत विचारलेलंच नव्हतं.

आता अभ्यासाकडे येऊ. कारण करिअर ठरलं तरी मधे परीक्षा असते. आमच्याकडे अभ्यासकौशल्यांची कार्यशाळाही होते. तिथे रंगीत माइंड मॅप काढतात, पहाटे उठायला सांगतात, डोळे मिटून ‘मी करू शकतो’ म्हणायला लावतात. प्रत्यक्षात परीक्षेच्या आदल्या दिवशीचं दृश्य असं असतं: कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग. टॉपर पोरीच्या वहीची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिसऱ्या पिढीत पानाची डावी बाजू गायब, त्यामुळे प्रत्येक ओळीचा पहिला शब्द ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे ओळखायचा. मग पिवळा हायलायटर. संध्याकाळपर्यंत पान असं पिवळंधमक होतं की न रंगवलेली ओळ तेवढी उठून दिसते. ‘झाला का गं अभ्यास?’ ‘हो आई, दोनदा वाचून झालं.’

दोनदा वाचणं हा अभ्यास नाही, हे आता मताचं राहिलेलं नाही. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचून, मिटून, आठवेल तेवढं कागदावर तीनदा उतरवलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना सुमारे 61. पुढे 2013 मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास थोडाथोडा करून दिवसांवर पसरणं, या दोन वरच्या पायरीवर आल्या. ओळी रंगवणं आणि पुन्हापुन्हा वाचणं या खालच्या पायरीवर. म्हणजे आमच्याकडे जे चालतं, तेच.

ही पद्धत आपल्याला नवी नाही. घरोघरी आजोबा दिवेलागणीला पुस्तक हातात घेऊन पोराला म्हणायचे, ‘म्हण बघू.’ फरक इतकाच, की आता आजोबांच्या हातात मोबाईल आहे आणि पोराच्या हातात हायलायटर. कार्यशाळेचा खर्च वाचवा, प्रत्येक तासाच्या शेवटी पाच मिनिटं वह्या मिटायला लावा आणि आज काय झालं ते कोऱ्या कागदावर लिहायला सांगा. दिवा लावावा लागत नाही, रोप द्यावं लागत नाही. फोटोत मात्र ते काही खास दिसणार नाही, हे कबूल.

या सगळ्या पोकळीत तिसरा मार्गदर्शक शिरला आहे, रिक्षाच्या पाठीवरचा. ‘एअरपोर्ट कोर्स. 100 टक्के नोकरीची हमी. मर्यादित जागा.’ केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोकरीच्या किंवा निवडीच्या हमीचे खोटे दावे त्यात मना आहेत. तेव्हा पैसे भरण्याआधी एकच करा: ती हमी लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी मागा. काउंटरवरची ताई ‘सर मीटिंगमध्ये आहेत’ म्हणाली, की उत्तर मिळालं समजा आणि पाकीट खिशात ठेवा.

महाराष्ट्राला या विषयात धडा घ्यायला लांब जावं लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली; पनवेलचं महात्मा फुले महाविद्यालय याच संस्थेचं. त्यांचं मार्गदर्शन तीन शब्दांचं होतं: कमवा आणि शिका. ज्याने शिकता शिकता हाताने काम केलं, त्याला कामाची किंमत आणि स्वतःची कुवत, दोन्ही कळलं. शंभर वर्षांनी आपण हेच ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ म्हणून परत आणलं आहे. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात चार क्रेडिट, म्हणजे साधारण 120 तास. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत नवं धोरण 2024-25 पासून लागू झालं, तेव्हा ती पहिली तुकडी 2026-27 मध्ये तिथे पोचते.

हे 120 तास कुठे जाणार, ते आत्ताच दिसतंय. मामाच्या दुकानाचं लेटरहेड, ‘सदर विद्यार्थ्याने आमच्या आस्थापनेत समाधानकारक काम केले’, खाली मामाची सही. मामा प्रेमळ असतो, 120 तासांचे 150 सुद्धा लिहून देईल. पनवेलच्या कॉलेजांना हे थांबवायचं असेल तर प्लेसमेंट सेलने गेटबाहेर पडावं. बंदराजवळचे कंटेनर यार्ड, तळोजा आणि पाताळगंगेची एमआयडीसी, विमानतळावरच्या कंपन्या, वकिलांची आणि सीएंची ऑफिसं, सगळं एसटीच्या अंतरात आहे. दहा ठिकाणी ‘नाही’ ऐकावं लागेल. अकराव्या ठिकाणी ‘पाठवा दोघांना’ म्हणतील.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एवढंच. पुढच्या वेळी कुणीही मार्गदर्शक समोर आला, मग तो व्यासपीठावरचा असो, घरातला असो की रिक्षाच्या पाठीवरचा, त्याला चार प्रश्न विचारा. या कामाला पात्रता काय लागते? परीक्षा कोण घेतं? पहिल्या महिन्याला हातात किती येतात? आणि हे काम करणारा एक माणूस मला भेटवाल का? चारही उत्तरं मिळाली तर वहीत लिहून घ्या, वही मिटा आणि पुन्हा लिहून बघा. एकही मिळालं नाही तर टाळ्या वाजवा, फॉर्म भरून प्रमाणपत्र घ्या आणि दुसरा माणूस शोधा.