किलवरची सत्ती

आमच्या भाच्याला यंदा मे महिन्यात बदाम सातच्या वर्गाला घातलंय. दहा दिवस, रोज दीड तास, वय ६ ते १२, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र. पत्ते तिथेच मिळतात, चटई घरून न्यायची.

मी ताईला म्हटलं, अगं, बदाम सात मी त्याला पंधरा मिनिटांत शिकवतो. चौघांत ५२ पानं वाटायची, प्रत्येकी १३. बदाम सत्तीवाल्याने उतरायचं. सत्तीच्या वर अठ्ठी, खाली छक्की. लावायला पान नसेल तर पास. ज्याची पानं आधी संपली तो सुटला. ताई म्हणाली, ‘‘तू नुसतं खेळायला शिकवशील. तिथे खेळातून शिकायला शिकवतात.’’

हे वाक्य मी दोन दिवस चघळतोय, अजून गिळता आलेलं नाही.

तर त्या वर्गात एक वही असते. डाव संपला की वहीत लिहायचं : ‘आजच्या डावातून मी काय शिकलो?’ खाली तीन ओळी आखलेल्या. परवा ती वही माझ्या हाती लागली. पहिल्या दिवशी भाच्याने लिहिलं होतं, ‘किलवरची सत्ती दाबून ठेवली की समोरचा रडतो.’ खाली लाल शाईत शेरा : ‘सकारात्मक लिही.’ दुसऱ्या दिवशी, ‘किलवरची सत्ती दाबून ठेवली की मला आनंद होतो.’ शेरा : ‘कौशल्याच्या भाषेत लिही.’ तिसऱ्या दिवशी पोरगं शहाणं झालं. ‘मी संयम आणि संसाधनांचे नियोजन शिकलो.’ दोन चांदण्या! मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, म्हणजे नक्की केलंस काय रे? म्हणाला, ‘‘किलवरची सत्ती दाबून ठेवली.’’

आमच्या वेळी ही वही नव्हती, हे आमचं नशीब. आजोळी दुपारी जेवणं झाली की माजघरात डाव पडायचा तो चहाची वेळ होईपर्यंत. पत्ते इतके जुने की पिसताना आवाज यायचा नाही, आणि प्रत्येक पानाला कुणाच्या ना कुणाच्या लोणच्याच्या बोटाचा डाग. इस्पिकची राणी कधीच हरवलेली. तिच्या जागी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून मामाने राणी काढली होती. तिला मिशा असल्यासारख्या दिसायच्या, आणि मागच्या बाजूला अर्धा गणपती होता. ती कुणाच्या हातात आहे हे मागूनच साऱ्या घराला दिसायचं. तरी सगळे, आजीसुद्धा, ‘राणी कुणी अडवलीय रे?’ म्हणून तासभर बोंबलायचे. ज्याच्याकडे ती असायची तो सगळ्यांत मोठ्याने. आता यातून मी काय शिकलो? आखलेल्या तीन ओळी समोर ठेवून खरंच विचार केला. काही नाही. दुपार गेली. चांगली गेली.

‘गेली’ म्हणायचीच चोरी झाली आहे. दुपार आता ‘सत्कारणी’ लावावी लागते. आणि हे पोरांपुरतं राहिलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. शनिवारी संध्याकाळी निघता निघता ऑफिसातून मेल येते : दोन तासांचा कोर्स आहे, रविवारी आपल्या सवडीने पूर्ण करावा. सवडीने! सवड काढून घेताना तिचंच नाव घ्यायचं, हा निर्लज्जपणा कुठल्या कोर्सात शिकवतात? तो व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही. दर थोड्या वेळाने थांबून विचारतो, तुम्ही अजून इथे आहात का? नाही बाबा, मी इथे नाही. मला इथे असायचंच नव्हतं. मी आडवा झालो होतो, पंख्याचं एक पातं दुसऱ्यापेक्षा जरा मळकं आहे हे पाहत होतो, आणि मजेत होतो. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सभा घेऊन, अर्ज करून, वर्षानुवर्षं भांडून १८९० साली आठवड्याचा हा एक दिवस मालकांकडून सोडवून घेतला. त्याआधी रविवारीही भोंगा व्हायचा. आणि आम्ही सुशिक्षित मंडळी तोच रविवार एका लिंकवर बोट ठेवून मालकाला परत करतो, वर त्याचं प्रमाणपत्र छापून घेतो, आणि ते मिळालं म्हणून चारचौघांना कळवतो, आणि चारचौघं अभिनंदन करतात, कारण त्यांचाही रविवार तसाच गेलेला असतो!

असो. रक्तदाब वाढतो.

काल वहीत चौथं पान पाहिलं. ‘आज लाईट गेली म्हणून वर्ग झाला नाही. आम्ही खाली पायरीवर बसलो होतो. मुंगळा बघितला.’

शेरा : ‘अपूर्ण. पुन्हा लिहून आणणे.’

त्याखाली पालकांच्या सहीची जागा रिकामी होती. ताई बाहेर गेली होती. सही मी केली.