सिरुसेरीतले ओव्हरकोट

शाळेच्या पत्रातली एक ओळ ठळक अक्षरांत होती: समाजसेवेचा प्रकल्प विद्यार्थ्यांनीच चालवायचा आहे, पालकांनी फक्त प्रोत्साहन द्यावं. आठवीतल्या लेकीनं ती मला दोनदा वाचून दाखवली. मी दोन्ही वेळा मान डोलावली आणि तिची पाठ वळताच लॅपटॉप उघडला.

यात सगळाच दोष माझा नाही, थोडा सिरुसेरीचाही आहे. चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या या सिपकॉट आयटी पार्कात आम्ही दिवसभर हाताखालच्या पोरांना ‘जबाबदारी घ्या’ म्हणून सांगतो आणि रात्री त्यांचं काम स्वतःच करत बसतो.

निमित्त दान उत्सवाचं होतं. 2009 साली ‘जॉय ऑफ गिव्हिंग वीक’ म्हणून सुरू झालेला हा आठवडा गांधी जयंतीला धरून 2 ते 8 ऑक्टोबरला देशभर साजरा होतो. लेकीच्या गटात चार मुली. त्यांचं म्हणणं, आधी कोणाला काय हवंय ते विचारून येऊ. मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटला. शेवटी अनुभवाला काही किंमत असते. साताऱ्याला शाळेत स्काउटात असताना ‘खरी कमाई’च्या आठवड्यात मी घरोघरी सायकली पुसून साडेसात रुपये मिळवले होते. त्यातले पाच आजीनं दिले. आजीकडे सायकल नव्हती. 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाला शाळेनं विकायला दिलेले झेंडे तर वडीलच सगळे विकत घेत, त्यामुळे आमच्या घरात टाचण्यांची कधी ददात पडली नाही.

एवढ्या शिदोरीवर मी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकला: ‘विद्यार्थ्यांचा उपक्रम. वापरण्याजोगे कपडे आणून द्यावेत.’ खाली फोन नंबर माझा.

आता इथे कोण राहतं, याचा विचार मी करायला हवा होता. आमच्याकडे दर दुसऱ्या घरातला माणूस कधी ना कधी ऑनसाइट जाऊन आलेला. परतताना तो चॉकलेटं आणतो, ती संपतात. मिनेसोटाच्या बर्फासाठी घेतलेला कोट आणतो, तो संपत नाही. जानेवारीतही जिथे पारा सहसा 20 अंशांच्या खाली उतरत नाही, तिथे तो कपाटातली अर्धी जागा अडवून वर्षानुवर्षं लटकत राहतो. त्या रविवारी सोसायटीतली सगळी कपाटं मोकळी झाली. पार्किंगमध्ये 34 कोट, 11 स्वेटर, कानटोप्यांचं एक पोतं आणि स्की करायची एक विजार. साड्या दोन.

‘बाबा, हे कोणासाठी?’ लेकीनं विचारलं.

‘गरजूंसाठी,’ मी म्हणालो. गरजू म्हणून मला गेटवरचे वॉचमन अण्णा दिसले. ‘वेण्डाम सार,’ ते नम्रपणे म्हणाले. नको, हे मला भाषेवाचूनही कळायला हवं होतं. पण माझं तमिळ कच्चं आणि उत्साह पक्का. ऊब कशी असते ते दाखवावं म्हणून मी एक काळा कोट स्वतःच अंगात घातला आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. ती तिथेच अडकली.

ऑक्टोबरची दुपार. आत घाम, बाहेर घाम. लिफ्टमधल्या एका लहान मुलानं आईचा हात घट्ट धरला. घरी पोचतो तोवर शाळेच्या बाईंचा फोन: मुलींचं कसं चाललंय? ‘पूर्णपणे स्वतंत्रपणे,’ मी कॉलरच्या आतून म्हणालो. शेवटी लेकीच्या तमिळ मैत्रिणीनं चेनवर मेणबत्ती घासून मला बाहेर काढलं. काढता काढता तिनं सहज सांगितलं, तिचा दादा जानेवारी ते मार्च रात्री समुद्रावर कासवांची अंडी शोधत फिरतो. मराठी माणसाला कासवं म्हटलं की कोकणातलं वेळास आठवतं. पण चेन्नईत नीलांकरै ते बेझंट नगर या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायचं काम 1988 पासून विद्यार्थ्यांचीच एक संस्था करते आहे. ‘तिथे पालक काय करतात?’ मी विचारलं. ‘झोपतात, अंकल.’

त्याच रात्री पाऊस आला. पार्किंगमध्ये पाणी शिरलं आणि कोट भिजले. भिजलेल्या लोकरीला मूळच्या मेंढीची आठवण येते, हे तुम्हाला ठाऊक नसेल. चार दिवस आमच्या मजल्यावर धनगरवाडा होता.

तोवर मुलींनी आपलं विचारून येण्याचं काम उरकलंही होतं. शाळेच्या बाईंना घेऊन त्या शेजारच्या बांधकामावर गेल्या. कामगार बिहार-झारखंडचे, आणि गटात हिंदी धड बोलणारी एकटी आमची लेक. तिला कळलं की बरेचजण छठपूजेला गावी निघालेत, म्हणजे दिवाळीनंतर सहाव्या दिवशी घरी पोचायला हवं. काय हवंय? कोट कोणीच म्हणालं नाही. बॅगा हव्या होत्या. सगळा संसार सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांतून न्यावा लागतो, म्हणाले.

मग ग्रुपवर दुसरा संदेश गेला, मुलींचा. चार ओळींचा. ऑनसाइटच्या मोठाल्या बॅगा बाहेर आल्या, एखाद्या चाकानं लंगड्या पण धडधाकट. एका मैत्रिणीच्या आजीकडून चौघींनी बंद दुरुस्त करून घेतले. आणि गावाकडे थंडी पडते का, हे विचारायचं कोणाला सुचलं? त्यांनाच. उत्तर ऐकून कोट धुतले, वाळवले, मापांप्रमाणे लावले आणि ज्याला हवा त्यानं उचलावा म्हणून बांधकामावर मांडून ठेवले. 33 गेले. स्कीची विजारही गेली, कोणी नेली ते कळलं नाही.

या सगळ्यात माझ्याकडे गाडी चालवण्याचं काम होतं. प्रकल्पाच्या अहवालात त्याची ‘वाहतूक: एक पालक’ अशी नोंद आहे.

चौतिसावा कोट अजून आमच्याकडे आहे. काळा, माप 42. येत्या जानेवारीत कोणी मिनेसोटाकडे निघत असेल तर सिरुसेरीला येऊन घेऊन जावा. चेन मात्र अर्ध्यावरच थांबवा.