हत्ती बघायला कधी निघणार?

सोलापूरचा विधी शाखेचा विद्यार्थी इंटर्नशिपला अमेरिकेत निघाला, की कौतुक फार तर आठवडाभर टिकतं. मग काका विचारतात, "पगार किती बे?" तिथल्या जनहित संस्था बहुधा शिकाऊ पोरांना काही देत नाहीत, असं कळल्यावर पुढचा प्रश्न, "मग पक्षकार कोण?" सगळी जनता, असं उत्तर येतं. सगळ्यांचं काम म्हणजे फी कुणाचीच नाही, हे काका कोर्टाच्या पायऱ्यांवर शिकलेले असतात.

शेंगाचटणी आणि कडक भाकरीसह पोरगं पोचतं, आणि पहिल्याच आठवड्यात हातात पडतो अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा 1992चा लुहान खटला. अमेरिकी मदतीच्या परदेशी प्रकल्पांनाही दुर्मीळ प्राण्यांचा कायदा लागू करा, अशी 'डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ'ची मागणी होती. पण तिथं दावा करायला स्वतःचं नुकसान दाखवावं लागतं. संस्थेच्या एक सदस्य 1981मध्ये श्रीलंकेला जाऊन आल्या होत्या. हत्ती-बिबट्यांचं रान पाहिलं, हत्ती काही दिसला नाही. पुन्हा कधी जाणार? पुढच्या वर्षी नक्की नाही, तिथं यादवी चालू आहे, पण जाणार! न्यायमूर्ती स्कॅलियांनी ठरवलं की असल्या 'कधीतरी'वर दावा उभा राहत नाही. न्यायमूर्ती केनेडींनी तर मान्य केलं, की विमानाचं तिकीट मागणं क्षुल्लक वाटेल. तरी निकाल तोच.

असलं सोवळं आपल्याकडे नाही. मुंबईच्या पोलीस कोठड्यांत बायकांना मारहाण होते, असं पत्र पत्रकार शीला बरसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. त्या स्वतः कोठडीत नव्हत्या. पत्रालाच याचिका मानून न्यायमूर्ती भगवतींनी 1983मध्ये निकाल दिला: बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, पहाऱ्याला महिला पोलीस. (पत्राची ही सोय सांगितली, की अमेरिकी वरिष्ठ चहा खाली ठेवतात म्हणे.)

माळढोक पक्ष्याचंही तसंच. त्याच्यासाठी 2019मध्ये निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह कोर्टात गेले. 2021मध्ये, पक्षी आपटून मरू नयेत म्हणून, राजस्थान-गुजरातच्या वीजतारा शक्य तिथं जमिनीखाली घालायचा आदेश झाला. 2024मध्ये कोर्टानंच तो सैल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे दिला. पण पुढचा माळढोक कधी बघणार, असं विचारून याचिका कुणी फेटाळली नाही.

नाहीतर सोलापूरकरांचं अवघड होतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे, एसटी जाते, आणि निम्मं सोलापूर अजून 'कधीतरी' जाणार आहे.