होल नंबर पाच, मुक्काम पोस्ट नलारबोर

ऑस्ट्रेलियातल्या नलारबोर लिंक्स या गोल्फच्या मैदानाची लांबी १,३६५ किलोमीटर आहे. छपाईत दशांशचिन्ह राहून गेलेलं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सेडुना या समुद्रकाठच्या गावात पहिला होल, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅलगूर्ली या सोन्याच्या खाणींच्या गावात अठरावा, आणि मधले बहुतेक सगळे आयर हायवेवरच्या रोडहाउसांच्या मागेपुढे एकेक करून वाटून दिलेले. मुंबई-दिल्ली राजधानीचा मार्ग १,३८४ किलोमीटरचा. म्हणजे पहिला फटका मुंबई सेंट्रलला मारायचा आणि शेवटचा चेंडू भोकात घालायला जवळजवळ निजामुद्दीनपर्यंत जायचं.

आमच्या दाजींना ॲडलेडला स्थायिक होऊन जमाना झाला. ते ज्या क्लबचे मेंबर आहेत तिथं कॉलरवाला शर्ट सक्तीचा, मोज्यांना नियम, आणि दुसरा फटका मारत असताना आपल्याला खोकला आलाच तर तो पुढच्या होलपर्यंत दाबून धरायचा. माझा गोल्फशी संबंध पुण्यात येरवड्याच्या रस्त्यानं जाताना कुंपणापलीकडं दिसणाऱ्या हिरवळीपुरता. पण दाजींना काठ्यांची पिशवी उचलायला माणूस हवा होता, आणि सासुरवाडीचा माणूस या कामाला फुकट मिळतो. ताई आणि ही मागच्या सीटवर बसल्या. दोघींच्या मधे चकल्यांचा डबा आणि भाजीची टोपली.

हे मैदान कुणा गोल्फवेड्या धनिकानं बांधलेलं नाही. नलारबोर हे चुनखडीचं अवाढव्य पठार. झाड जवळजवळ नाही, वळण तर त्याहून दुर्मिळ. लोक एका टोकाला गाडी सुरू करतात ते दुसऱ्या टोकालाच उतरायच्या इराद्यानं. मधे पेट्रोल भरतात, मोकळे होऊन येतात आणि सुटतात. त्यामुळं रोडहाउसवाल्यांच्या पदरात काही पडत नाही आणि गाडीवाल्यांच्या डोळ्यांवर झापड येते. बॅलडोनिया रोडहाउसचे बॉब बॉन्जोर्नो आणि आल्फ कापुटो यांच्या डोक्यातून यावर तोडगा निघाला आणि २००९ मध्ये मैदान खुलं झालं. गाडीवाल्याला ‘थकला असाल, जरा टेका’ म्हटलं तर त्याचा अपमान होतो. ‘मागं होल आहे’ म्हटलं की तो गुमान उतरतो, उन्हात चालतो, चेंडू शोधतो, दमतो, आणि मग आत येऊन बर्गर मागवतो. गोल्फचा असा सदुपयोग स्कॉटलंडातही कुणाला सुचला नसेल.

सेडुनाचे दोन होल गावच्या गोल्फ क्लबातच आहेत. तिथं दाजी मजेत खेळले. पेनाँगला पवनचक्क्या पाहत खेळले. खरी परीक्षा नंड्रूला सुरू झाली. तिथल्या होलला वॉम्बॅटचं नाव दिलंय, आणि हा गुबगुबीत प्राणी बिळं खणण्यात पटाईत. दाजींचा तिसरा फटका झकास बसला. चेंडू भोकात गेला. फक्त झेंडा दुसऱ्या भोकात होता.

“हात घालून बघू का?” दाजींनी विचारलं.

“कुंकवाचा विचार करा जरा,” ताई म्हणाली. चेंडू वॉम्बॅटच्या नावे लिहून आम्ही पुढं निघालो.

पाचवा होल नलारबोर रोडहाउसला. नाव ‘डिंगोज डेन’, म्हणजे इथल्या रानकुत्र्याचं बिऱ्हाड; पार पाच, म्हणजे पाच फटक्यांत चेंडू भोकात जावा अशी अपेक्षा. सुरुवातीला प्लॅस्टिकच्या गवताचा चौथरा, शेवटाला भोकाभोवती प्लॅस्टिकच्याच गवताचं ग्रीन. मधल्या पाचशे मीटरांना फेअरवे म्हणायचं: घोट्याएवढी खारट झुडपं, पांढरे धोंडे, आणि धोंड्यांवर बसून आमची वाट पाहत असलेल्या माश्या. इथली माशी चावत नाही. तिला आपल्याशी जवळीक हवी असते. ती डोळ्याच्या कोपऱ्यात येऊन बसते. म्हणून टोपीवरून गळ्यापर्यंत जाळी ओढून घ्यायची. दाजींनी कॉलरवाला शर्ट घातला होता, पण जाळीमुळं कॉलर दिसत नव्हती, याचं त्यांना वाईट वाटलं.

फटका मारला. चेंडू धोंड्यावर टप्पा खाऊन काटकोनात वळला आणि हायवेच्या दिशेनं निघाला. तो थांबतोय तोवर एक कावळा आला. आपल्या कावळ्यापेक्षा थोराड, डोळा पांढरट. त्यानं चेंडू एकदा चोचीनं उलटा केला, मग सुलटा, मान वाकडी करून दाजींकडं पाहिलं आणि चेंडू घेऊन उडाला.

आपल्याकडं पिंडाला कावळा शिवावा म्हणून माणसं तासन् तास ताटकळतात, काय काय कबूल करतात. इथं कुणी बोलावलं नसताना तो शिवून, उचलून गेलासुद्धा.

“कुणाची इच्छा राहिली होती कोण जाणे,” ही म्हणाली.

कार्डावर शिक्का मारायला आम्ही आत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी एका हातानं चिप्सवर मीठ भुरभुरलं, दुसऱ्या हातानं सॉसच्या बाटल्यांमागून शिक्का काढला, शाईच्या डबीवर थुपकन दाबला आणि कार्डावर ठोकला. दाजी त्यांना कावळ्याबाबतचा नियम विचारत होते. बाईंनी विचारलं, “ॲलुमिनियमच्या डब्यात नेणार की इथंच खाणार?”

यापुढं बॉर्डर व्हिलेज. इथं राज्य बदलतं आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात ताजी फळं, भाज्या, मध न्यायला बंदी. नाक्यावर गाडी उघडून बघतात. तेव्हा ताईची टोपली निकालात काढणं भाग होतं. दाजी सहाव्या होलला, पार तीनला, कांगारूच्या भल्या मोठ्या पुतळ्याच्या साक्षीनं पवित्रा घेत होते, तेव्हा गाडीच्या बॉनेटवर टोमॅटो, काकड्या, कांदे यांची परातभर कोशिंबीर चालली होती. सहाव्या होलला दाजींना किती फटके लागले ते कोशिंबिरीत वाहून गेलं. नाक्यावरच्या अधिकाऱ्यानं टोपली तपासली. आत कढीपत्त्याची एक काडी राहिली होती. त्यानं ती दोन बोटांत धरून, पुरावा जपावा तशी, कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मग युक्ला. इथं घड्याळंही वेगळी. जगातले बहुतेक देश तासांनी मागेपुढं असतात, आपण अर्ध्या तासाचा हट्ट धरून आहोत, आणि या हायवेवरची युक्लाच्या आसपासची मूठभर वस्ती पाऊण तासावर अडून बसलीय: ग्रीनिच अधिक पावणेनऊ तास. उन्हाळा सोडला तर ॲडलेडच्या पाऊण तास मागं, पर्थच्या पाऊण तास पुढं. “कांदाभजी किती वाजता करायची, ते ठरवा आधी,” एवढंच ताई म्हणाली. सातव्या होलचं नाव ‘नलारबोर निम्फ’. १९७१च्या सुमाराला इथं कांगारूंच्या कळपात एक अर्धवस्त्र तरुणी फिरताना दिसल्याची बातमी उठली, वार्ताहर धावले, आणि मग गावकऱ्यांनी मारलेली थाप असल्याचं उघड झालं. दाजींनी हा इतिहास जरा रंगवूनच सांगितला. चेंडू शोधायला ते झुडपांत एकटेच निघाले तेव्हा ताई त्यांच्या मागोमाग गेली.

दहावा होल कॉकलबिडीला. तोवर दाजींचे चेंडू वॉम्बॅट, कावळे आणि भूगोल यांच्यात वाटून झाले होते. “द्या इकडं,” म्हणून हिनं काठी हातात घेतली. हिला स्विंग ठाऊक नाही, ग्रिप ठाऊक नाही. ती चेंडू उडवतच नव्हती. दहावीस पावलं ढकलायची, चालत जायची, पुन्हा ढकलायची. वाटेत धोंडा आला तर वळसा. चेंडू उडत नसल्यामुळं तो कावळ्याच्या नजरेत आला नाही आणि झुडपात हरवलाही नाही. दाजींनी हरवलेल्या चेंडूंचा दंड धरून आपली बेरीज केली, हिची केली, पुन्हा आपली केली, आणि पाणी प्यायले.

कायगुना ते बॅलडोनिया या टप्प्यात रस्ता १४६.६ किलोमीटर एकाच रेषेत जातो. मधे एके ठिकाणी डांबरावर पांढरे जाड पट्टे दिसतात: फ्लाइंग डॉक्टरांचं विमान वेळप्रसंगी याच रस्त्यावर उतरतं. एवढ्या सरळ रेषेत दाजींचा एक तरी चेंडू गेला असता तर, असं माझ्या मनात आलं. ओठांवर आलं नाही. पाहुणा होतो.

बाराव्या होलचं नाव ‘स्कायलॅब’, आणि इथं मात्र आम्ही हळवे झालो. १९७९च्या जुलैत स्कायलॅब ही नासाची अवकाश प्रयोगशाळा भारतावर पडणार म्हणून गावोगाव केवढी घबराट! आमच्या आळीत लोकांनी देव पाण्यात ठेवले, दुकानदारांनी उधारी वसूल करायचा सपाटा लावला, आणि एका काकांनी पुरणाचा बेत आगाऊ उरकून घेतला. ते विघ्न शेवटी हिंदी महासागरात आणि या बॅलडोनियाच्या माळावर पडलं. रोडहाउसमधल्या छोट्या संग्रहालयात त्याची माहिती आणि अवशेष मांडलेत. शेजारच्या एस्परन्सच्या नगरपालिकेनं कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड केला. तो तीस वर्षांनी एका अमेरिकन रेडिओ निवेदकानं श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला. हिनं त्या होलचं पार साधलं. आकाशातून आलेल्या गोष्टी योग्य जागी पडायला काय लागतं, हे स्कायलॅबनं आणि दाजींनी अजून शिकायचं आहे.

नॉर्समन हे गाव घोड्याच्या नावावर वसलंय. बांधलेल्या घोड्यानं टाप मारता मारता सोन्याचा गोळा उकरला, अशी कथा आहे. दाजींनीही तिथं बरंच उकरलं.

कॅलगूर्लीला लाल मातीच्या मधोमध खरंखुरं, ओलं, हिरवंगार गवत आलं. दाजींनी कॉलर सारखी केली, मोजे वर ओढले. फटका तर असा बसला की आम्ही चौघंही बघत राहिलो. “बघितलंत? मैदान असलं की खेळ येतो,” ते म्हणाले. पण कार्डावर सगळे शिक्के बघून प्रमाणपत्र देणाऱ्या बाईंनी फटक्यांच्या रकान्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. हजार किलोमीटर जागोजागी उतरत उतरत आलात ना, मग झालं. दाजींचे फटके अडीचशेच्या घरात होते, तेव्हा त्यांना हा नियम एकदम उदार वाटला.

प्रमाणपत्र एकच निघालं, दाजींच्या नावाचं. हिनं ते उलटसुलट पाहिलं.

“दाजी, मला का नाही?”

“वहिनी, तुम्ही शेवटचेच नऊ खेळलात. पहिले नऊ सेडुनाकडं राहिले.”

“मग? गाडी त्याच वाटेनं परत न्यायचीय ना?” ही म्हणाली, आणि काठ्यांची पिशवी उचलून माझ्या खांद्यावर दिली.