घाबरल्याचं सोंग

मासा पकडायचा तर आधी एक मासा तयार करावा लागतो, हे बालाघाटात कुणालाही सांगून पटत नाही. इथे वैनगंगा गावाला लागून वाहते. गळ, कणकेची गोळी, गांडूळ आणि बिडीचं बंडल एवढ्या सामानावर इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मासे आलेले आहेत. ज्याला मोठा मासा हवा असतो तो गळाला जिवंत चिलवा लावतो. चिलवा म्हणजे बोटभर, चमचमती मासोळी. ती फुकट मिळते आणि पाण्यात सोडली की कुणी न सांगता तडफडते. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक निवृत्त गृहस्थ पहिल्या चहापासून जेवणाच्या पानापर्यंत कोंबड्याचं पीस, बकऱ्याचे केस आणि साडीची जर एका गळावर गुंडाळत खोटा चिलवा बनवत बसतो. ह्यामागचं कारण जाणून घ्यायला शेजारी अजूनही येतात, चहा पितात आणि कारण न कळता परत जातात.

फ्लाय फिशिंग म्हटलं की लोकांना पाण्यावर तरंगणारा, किड्याची नक्कल करणारा नाजूक फ्लाय आठवतो. (लोकांना म्हणजे ज्यांना काही आठवतं त्यांना. बालाघाटात असे आम्ही दोघे. दुसरे सध्या नागपूरला मुलाकडे असतात.) स्ट्रीमर हा त्याच कुळातला, पण पाण्याखाली पोहणारा आणि किड्याची नव्हे तर छोट्या माशाची नक्कल करणारा. हिशेब साधा आहे. किडा खाऊन पोट भरायचं तर मोठ्या माशाला दिवसभर राबावं लागतं. एक चिलवा गिळला की दुपार मोकळी. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला हा विचार लगेच पटतो.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. मासे प्रजननात आणि मी स्ट्रीमरच्या बांधणीत, अशी त्या दोन महिन्यांची वाटणी आहे. बांधणीसाठी मी अमेरिकन पुस्तकं मागवली. त्यातल्या बहुतेक कृतींची सुरुवात हरणाच्या शेपटीच्या केसांनी होते. तिकडे मिळत असेल. आमच्या जिल्ह्याचा एक कोपरा कान्हाच्या जंगलात आहे. १९७० च्या सुमारास तिथे बारशिंगे मोजले तर ते ६६ भरले होते, आणि ते वाचवताना वनखात्याच्या नाकी नऊ आले होते. त्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. ह्या गावात चारचौघांत ‘हरणाची शेपटी कुठे मिळेल हो?’ असं विचारणाऱ्याची पुढची चौकशी वनखातं स्वतः करतं.

म्हणून मी खाटकाकडे गेलो. ‘बकऱ्याच्या शेपटीचे पांढरे केस तेवढे द्या,’ म्हणालो.

‘आणि बाकीचा बकरा?’ त्यानं विचारलं.

‘तो राहू द्या.’

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं, आणि केस पुडीत बांधून दिले. पैसे घेतले नाहीत. त्यात औदार्यापेक्षा काळजी अधिक होती.

अंगाला चमक हवी म्हणून चंदेरी जर लागते. त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. वारासिवनीचे कोष्टी हातमागावर साड्या विणतात आणि त्या साड्यांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका विणकराकडे मी हातभर जर मागितली. ‘हातभर जरीत काय होणार? कुणासाठी पाहिजे?’ तो म्हणाला. ‘माशासाठी,’ मी म्हणालो. त्याच्या मागाचा खटखटाट थांबला. घराण्यात आजवर ह्या मापाची ऑर्डर आलेली नसावी.

मोरपीस घरातच होतं, पण देवघरात. पिसाच्या दांड्याला फुटणारे हिरवट-तांबूस तंतू पाठीवर चार-पाच ठेवले की खऱ्या माशाच्या पाठीची गडद छटा येते.

‘अहो, देवाच्या मुकुटातलं पीस गळाला लावणार?’ सौभाग्यवतींनी विचारलं.

‘दशावतारातला पहिलाच अवतार मत्स्य,’ मी म्हणालो. ‘घरातल्या घरात बदली आहे.’

बदलीचा हुकूम फेटाळला गेला. शेवटी जत्रेत मोराची गळलेली पिसं विकणाऱ्याकडून एक पीस घेतलं. ह्या पिसांची निर्यात करता येत नाही, देशात विकता येतात, हेही मी त्या निमित्तानं सौभाग्यवतींना सांगितलं. त्यांनी देवघराला कुलूप घातलं.

डोळ्यांचा प्रश्न पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर नावाच्या माणसानं १९८० च्या दशकात सोडवून ठेवला आहे. त्यानं गळाच्या तोंडाशी धातूचे दोन जड डोळे बांधले. लेफ्टी क्रे ह्या नामांकित मच्छीमार लेखकानं त्या फ्लायचं ‘क्लाउझर डीप मिनो’ असं बारसं केलं आणि तो जगभर गेला. डोळ्यांच्या वजनानं दोन गोष्टी होतात. गळ पाण्यात उलटा होऊन टोक वर राहतं, त्यामुळे तो तळाच्या दगडात कमी अडकतो. आणि दोरी सैल सोडली की तोंड खाली करून फ्लाय बुडतो. तसे तयार डोळे इथे मिळत नाहीत, पण वॉशबेसिनच्या बुचाला मण्यांची साखळी असते, तिचे दोन मणी नेमके बसतात. आमच्या घरात आता एकाही बुचाला साखळी नाही. शेवटची गाठ पक्की करायला नातीची नेलपॉलिश लागते. ती तिचे रंग मोजून ठेवते.

अमेरिकेतल्या स्ट्रीमरांमधला सर्वांत गाजलेला म्हणजे ‘ग्रे घोस्ट’. तो बांधला मेन राज्यातल्या कॅरी स्टीव्हन्स ह्या बाईंनी. त्यांची कृती मी मोठ्या भक्तिभावानं वाचायला घेतली आणि मध्येच थबकलो. पोटाखाली काय, तर मोराचे तंतू. गालांवर काय, तर करड्या रानकोंबड्याच्या मानेची पिसं, ज्यांच्यावर मेणाचे थेंब पडल्यासारखे पिवळट ठिपके असतात. हा कोंबडा फक्त भारतात सापडतो. ढोबळ मानानं सालाच्या जंगलात तांबडा रानकोंबडा आणि सागाच्या जंगलात करडा, आणि दोघांची हद्द आमच्याच मध्य भारतात भिडते. म्हणजे विलायती म्हणून ज्या छंदापायी मी घरात हसं करून घेत होतो, त्याचा अर्धा माल पूर्वी इकडूनच तिकडे गेला होता. हा शोध मी जेवताना जाहीर केला. ‘मग ते लोक साखळ्याही आपल्याच वॉशबेसिनच्या नेतात का?’ असा एकच प्रश्न आला. आज करड्या रानकोंबड्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे माझ्या ‘ग्रे घोस्ट’च्या गालांवर गावठी कोंबड्याची पिसं आली. भूत थोडं आमच्या वळणावर गेलं.

बांधणी झाली की फेकणं. साध्या गळाला शिसं असतं, ते भिरकावलं की दोरी मागोमाग जाते. इथे उलट आहे. फ्लायला म्हणण्यासारखं वजन नसतं. वजन दोरीत असतं आणि ती डोक्यावरून मागे-पुढे खेळवत पाण्यावर उलगडायची असते. मागे जितकी जागा तितकी पुढे फेक. बजरंग घाटावर मागे जागा म्हणजे पायऱ्या, आंघोळीला आलेली मंडळी, वाळत घातलेले कपडे आणि सल्ला द्यायला रिकामे असलेले सर्व वयोगटांतले नागरिक. ‘बाबूजी, चाबूक कोणाला मारता?’ असा प्रश्न एका पोरानं विचारला, तेव्हापासून मी घाटापासून बराच वर, माणसं कमी आणि डोह जास्त असलेल्या ठिकाणी जातो.

तिथे एक वयस्क ढिवर जाळी सुकवत बसलेले असतात. नदीतला प्रत्येक खडक त्यांना नावानिशी ठाऊक. त्यांनी माझा उत्तमातला उत्तम स्ट्रीमर तळहातावर घेतला, उलटला, फुंकर मारून केस पिंजारले.

‘हे काय होय जी?’

‘मासा.’

‘कोन्ता?’

‘चिलवा.’

त्यांनी बराच वेळ विचार केला. ‘चिलव्यानं पाह्यलं तं हासन जी.’

टीका म्हणून ह्यात तोड नव्हती. हातात घेतलेला स्ट्रीमर खरोखरच कुठल्याही माशासारखा दिसत नाही. तो दिसतो देव्हाऱ्यातली चवरी आणि खाटकाचं दुकान ह्यांच्या चुकीच्या संबंधातून जन्मल्यासारखा. पण माशाला तो तळहातावर बघायचाच नसतो. पाण्यात भिजला की केस चिकटून अंग निमुळतं होतं, जर चमकते, पिसं श्वास घेऊ लागतात. शिवाय मोठा मासा नुसत्या डोळ्यांवर विसंबत नाही. त्याच्या दोन्ही कुशींवरून एक रेष जाते. पाण्यातली बारीकशी थरथर त्याला त्या रेषेतून कळते. समोरचा चिलवा दिसतो कसा, ह्यापेक्षा तो वागतो कसा ह्यावर त्याचा निकाल ठरतो. आणि शिकाऱ्याला सगळ्यांत आवडतं ते दुबळ्याचं वागणं: दोन झटके पुढे, एक अडखळ, मग हतबल होऊन बुडणं, पुन्हा एक केविलवाणा झटका.

हे जमायला मला फार वेळ लागला, ह्याचं कारण माझी नोकरी. कचेरीत मी नेमकं ह्याच्या उलट शिकलो होतो. साहेब व्हरांड्यात दिसले की थांबायचं नाही, पळायचं नाही, कोपऱ्यात घुसायचं नाही. हातात फाइल धरून एकाच चालीनं चालत राहायचं. ज्याची चाल बदलली त्याच्यावर साहेबांची नजर पडली, आणि ज्याच्यावर नजर पडली त्याला शनिवारी बोलावलं गेलं. ह्या एका नियमावर मी पेन्शनपर्यंत अखंड पोहोचलो. साहजिकच माझा स्ट्रीमरही फाइल घेऊन निघाल्यासारखा एका चालीनं डोह ओलांडायचा, आणि पाण्यातले सगळे साहेब त्याला जाऊ द्यायचे.

मनात अर्थात महाशीर होता. २०११ मध्ये मध्य प्रदेशानं त्याला राज्यमासा केलं. हेन्री सलिव्हन थॉमस ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहून त्याची कीर्ती साता समुद्रापार नेली. आता तो इतका कमी झाला आहे की लागलाच तर नमस्कार करून परत सोडायचा, हे मी ठरवून ठेवलं होतं. महाशीरानंही आपलं ठरवून ठेवलं होतं.

होळीच्या सुमारास मी असाच दोरी ओढत असताना खिशातला फोन वाजला. दोरी सैल सोडून फोन कानाला लावला.

‘अहो, येताना कोथिंबीर आणा,’ पलीकडून आवाज आला. ‘आणि बेसिनचं बूच सापडत नाहीये.’

बुचाविषयी काय सांगावं ह्याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात स्ट्रीमर आपल्या दोन मण्यांच्या भारानं डोकं खाली करून, सगळ्या आशा सोडल्यासारखा डोहात बुडत गेला असणार. दोरीला असा हिसका बसला की फोन वाळूत पडला. मरळ होती. पाण्याबाहेर काढल्यावरही बराच वेळ तग धरणारा हा मासा, कारण त्याला हवेतला श्वासही चालतो. त्यामुळे काठावर आल्यावरही तिनं मला बराच वेळ आपलं मत ऐकवलं. ढिवरकाका जाळं ठेवून आले. त्यांनी फ्लाय सोडवून पुन्हा पाण्यात बुडवला, दोनदा हलवून सोडून दिला आणि मान डोलावली.

‘पान्यात तं बराबर भेलेला दिसते जी.’

घरी मी झटका आणि विराम ह्यांचं शास्त्र समजावून सांगितलं. मासा धावत्या फ्लायपेक्षा थांबलेल्या फ्लायला जास्त घेतो, हे जाणकारांचं मत सांगितलं. सगळं ऐकून घेऊन सौभाग्यवती म्हणाल्या, ‘म्हणजे मी फोन केला म्हणून मिळाला.’ शास्त्राच्या दृष्टीनं ह्याला उत्तर नाही.

श्रेयाची फेरवाटणी व्हावी म्हणून मी त्यांना कॅरी स्टीव्हन्सची गोष्ट सांगितली. बाई टोप्या बनवणाऱ्या. फ्लाय बांधायला शिकवणारं कुणी नाही. गळ पकडून ठेवणारा शिकंजाही वापरायच्या नाहीत, गळ बोटांत धरून बांधायच्या. १ जुलै १९२४ ला त्या घरातली कामं करत होत्या, तेवढ्यात नवा स्ट्रीमर सुचला. कामं तशीच टाकली, फ्लाय बांधला, जवळच्या डोहावर गेल्या आणि ६ पौंड १३ औंसांचा, म्हणजे तीन किलोंच्या वरचा ट्राउट काढला. ‘फील्ड अँड स्ट्रीम’ मासिकाच्या स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं, घरबसल्या धंदा सुरू झाला, पुढे त्या जागी स्मृतिफलकसुद्धा लागला. त्या दिवशी घरकाम बाजूला पडल्याची नोंद त्या फलकावर आहे.

‘फलकावर?’ सौभाग्यवतींनी विचारलं. ‘घरकाम टाकल्याचं?’

‘हो.’

त्यांनी हातातली पोळी तव्यावर टाकली, गॅस बारीक केला आणि माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. जन्मभर वाती वळलेली बोटं ती. माझा शिकंजा त्यांनी बाजूला सारला, गळ चिमटीत धरला, बकऱ्याचे केस मोजक्या हातानं पसरले, जर ओढून एकाच अंतरानं वेढे घातले आणि नेलपॉलिशचा एक थेंब लावून तो माझ्यापुढे ठेवला. चिलव्यानं पाहिलं असतं तर ओळख काढून विचारपूस केली असती.

तेव्हापासून घरात फ्लाय त्या बांधतात. देवघराचं कुलूपही निघालं. मोरपिसाची बदली त्यांच्या सहीनं मंजूर झाली. नदीवरच्या फेकाफेकीचं खातं अजून माझ्याकडे आहे, पण सकाळच्या पोळ्याही माझ्याकडे आल्या आहेत. पहिल्या दिवशीच्या पोळीला कुठलाच ओळखीचा आकार नव्हता. मी आधीच सांगून टाकलं की हातात घेऊन दिसते कशी ते बघू नका, वागते कशी ते बघा. सौभाग्यवतींनी ती ताटात घेतली, एक टोक उचललं, सोडून दिलं. पोळी हळूहळू डोकं खाली करून वरणात बुडाली.

‘भेलेली बराबर दिसते,’ त्या म्हणाल्या, आणि पुढच्या फ्लायला गाठ मारली.