दाजींचा ओळंबा

दाजी कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, चौकटीकडे बघतात. चपला काढता काढता डावा हात लाकडावरून फिरवतात, दार जरा पुढे-मागे करतात, बिजागरी कुरकुरली की "हं" म्हणतात आणि मग विचारतात, "काय, बरंय ना सगळं?" हा प्रश्न यजमानांना असतो की बिजागरीला, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत.

दाजी म्हणजे आमच्या आक्काचे यजमान. मूळचे निपाणीचे, पण उभी नोकरी बंगळूरला एचएएलमध्ये झाली. हा विमानाचा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली सुरू केला, हे ते नोकरीत असताना सणासुदीला सांगत, निवृत्त झाल्यापासून रोज सांगतात. बंगळूरमधली कुठलीही चांगली गोष्ट खणत गेलं की खाली मराठी माणूस लागतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. शहर शहाजीराजांची जहागीर होतं, हे झालंच. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला व्यंकोजीराजांनी गाव दिल्याचा १६६९चा शिलालेख आहे, तो दाखवायला त्यांनी आमच्याकडच्या प्रत्येक पाहुण्याला नेलेलं आहे. त्यामुळे निपाणीच्या वाटणीचे पैसे आणि फंड एकत्र करून महालक्ष्मी लेआउटमध्ये त्यांनी थर्टी-फॉर्टी साइटवरचं एक जुनं घर घेतलं, तेव्हा फोनवर "घर घेतलं" असं न म्हणता ते म्हणाले, "जहागिरीतला बाराशे चौरस फूट तुकडा सोडवून घेतला."

घर सत्तरच्या दशकातलं. गच्ची गळत होती, खिडक्यांच्या गजांना गंज होता, न्हाणीघराच्या भिंतीला ओल होती आणि माळ्यावर वाळवी. कुणीही शहाणा माणूस एखादा कंत्राटदार गाठता. दाजींनी घराला एक फेरी मारली आणि त्यांचं ते सुप्रसिद्ध वाक्य उच्चारलं, "त्यात काय आहे! आपलं आपण करू."

या वाक्याची धास्ती आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात आहे, कारण दाजी एखादं काम स्वतः करतात तेव्हा निदान चार माणसं लागतात. एक शिडी धरायला, एक टॉर्च धरायला, एक खाली उभं राहून "थोडं डावीकडे" म्हणायला, आणि आक्का. आक्काचं काम मेन स्विचपाशी उभं राहायचं. "बंद केलाय ना?" असं दाजी वरून विचारतात, ती "हो" म्हणते, ते पुन्हा विचारतात. संसाराच्या बत्तीस वर्षांत दोघं एकमेकांशी इतकं बोलली नसतील. मी त्याच शहरात राहतो, शिवाय मेहुणा, त्यामुळे शिडी माझ्याकडे असते. शिडी धरणाऱ्याला मत नसतं. गच्चीला वॉटरप्रूफिंग नक्की कुठलं करायचं यावर मी एकदा काही बोललो, तर वरून शांत आवाज आला, "तू धर."

खरी अडचण दाजींच्या नोकरीची आहे. त्यांचं आयुष्य गेलं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. त्याच हातांनी त्यांनी नव्या घराच्या दिवाणखान्यात ओळंबा सोडला आणि दहा फुटांत भिंत दीड इंच बाहेर गेलेली दिसली. मग दुसरी भिंत. मग तिसरी. चारही भिंती आपापल्या मर्जीनं उभ्या आहेत हे लक्षात आल्यावर ते खाली बसले. आक्काला वाटलं, छातीत दुखतंय. "पन्नास वर्षं लोक यात राहिले कसे?" एवढंच ते म्हणाले. पुस्तकांसाठी त्यांनी सागवानी शेल्फ केलं, ते इतकं काटकोनात की भिंतीला लावल्यावर वर चिमणी घुसेल एवढी फट राहिली. मी तसं म्हटल्यावर त्यांनी शेल्फाला पाणसळ लावून दाखवली. बुडबुडा बरोबर मध्यभागी. "शेल्फ करेक्ट आहे. घर चुकलंय."

जिन्याखालच्या जागेत त्यांनी वर्कशॉप केलं. तिथं फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली आहे: पाना, पक्कड, रंधा, थापी, कानस. विमानाच्या कामात अशीच पद्धत असते. काम संपलं की हत्यारं फळीवर परत, आकृती रिकामी दिसली की शोधाशोध, कारण एखादा पाना आत राहिला तर विमान कोसळू शकतं. आक्काच्या घरातून अजून कुठलंही उड्डाण झालेलं नाही, पण नियम तोच. एका रविवारी दहा नंबरचा स्क्रू ड्रायव्हर जागेवर नव्हता. पानं वाढलेली, आमटी निवत चाललेली, आणि दाजींनी घर ग्राउंड केलं होतं. भाच्याच्या दप्तरापासून पिठाच्या डब्यापर्यंत झडती झाली. शेवटी तो देवघरात सापडला. निरांजनाची काजळी खरवडायला आक्कानंच नेला होता. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दाजींनी स्वयंपाकघरातही फळी ठोकली आणि झारा, उलथणं, सांडशी यांच्या आकृत्या काढून दिल्या. आक्का तेव्हापासून झाऱ्याच्या जागी न चुकता उलथणं लावते.

पुढच्या दाराचा रंग काढताना मात्र खरी मौज झाली. चार-पाच थर होते. एकाखाली एक हिरवा, तपकिरी, निळा. सगळ्यात खाली कानडी अक्षरं निघाली: नाळे बा. उद्या ये. नव्वदच्या दशकात इथं भुताची आवई उठली होती. रात्री एक बाई घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की संपलं. म्हणून लोकांनी दारांवर, भिंतींवर 'नाळे बा' लिहून ठेवलं. भुतानं यावं, वाचावं, निमूट परत जावं, पुन्हा दुसऱ्या दिवशी यावं, पुन्हा वाचावं. दाजी अक्षरांकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांचा चेहरा उजळला. "अरे, म्हणूनच!" प्लंबर, सुतार, वायरमन, गेटचा वेल्डर, ज्याला ज्याला बोलावलं त्यानं गेटापाशी येऊन "नाळे बर्तीनी सार" म्हणून पाठ फिरवली होती, त्याचं कारण आज सापडलं. त्यांनी तेवढा चौकोन रंगवायचा ठेवून बाकी दार पॉलिश केलं. भूत एकदाही आलं नाही. प्लंबरही.

हो, कारण 'आपलं आपण' असलं तरी प्लंबर लागतोच. दाजींची कानडी निपाणीची, प्रत्येक वाक्याला 'री' लावणारी. बंगळूरचे कारागीर ती ऐकून आधी हसतात, मग काम ऐकून गंभीर होतात. ही मंडळी एकवेळ घाईतलं गिऱ्हाईक सांभाळतील, पण पाइपला टेफ्लॉन टेपचे किती वेढे घेतले हे मोजणारं गिऱ्हाईक त्यांना झेपत नाही. सामान आणणं हा स्वतंत्र सोहळा. एस. पी. रोडला एका बोल्टासाठी गेलेले दाजी संध्याकाळी परततात ते पिशवीत बोल्ट सोडून सगळं घेऊन. आठवड्याला एक फेरी जुन्या बाजारात होते. तिथून आणलेला पितळी कडी-कोयंडा कुठल्या दाराचा, हे ठरायचंय. बहुधा त्याच्यासाठी दारच शोधायला लागेल.

घर अर्धं झाल्यावर, म्हणजे दाजींच्या हिशेबानं अर्धं, ते बागेकडे वळले. बाराशेपैकी घरानं आठशेवर खाल्लेले. समोर दहा फुटांचं अंगण, बाजूला अडीच फुटांची बोळ, एवढीच जमीन. पण ऑगस्टमध्ये लालबागचं पुष्पप्रदर्शन बघून आले आणि डोक्यात क्रुम्बिगेल शिरला. लालबागेच्या बाजूच्या रस्त्याला ज्याचं नाव आहे तो हा जर्मन बागकार. एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा यावा, अशी झाडं शहरात लावण्याचं श्रेय त्याला देतात. १९०८ साली इथं येण्याआधी तो बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होता. हे कळल्यावर दाजींना आवरणं कुणाच्या हातात राहिलं? "म्हणजे आपल्याच दरबारातून आला की!" आलेख-कागदावर बारा महिन्यांचा तक्ता तयार झाला. फेब्रुवारीत गुलाबी टॅबेबुया, मार्चमध्ये जॅकरँडा, मे महिन्यात गुलमोहर. अडीच फुटांच्या बोळात गुलमोहर बसत नाही हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी तक्ता बदलला नाही, हद्द बदलली. टॅबेबुया रस्त्यावरचा धरला, जॅकरँडा कोपऱ्यावरच्या बंगल्याचा, गुलमोहर पलीकडच्या पार्कातला, सोनचाफा शेजारच्या अज्जींचा. स्वतःची म्हणून तेव्हा एक तगर होती, तीही आक्कानं फांदी खोचली म्हणून. तक्ता पूर्ण भरलाय. पाहुण्यांना ते खुर्चीवर बसवून अंगुलिनिर्देशानं बाग दाखवतात.

बटरफ्रूटचं झाड मात्र घरचंच हवं होतं. खड्डा खणायला कुदळ घातली आणि फूटभर खाली खण्ण आवाज आला. इकडे खणा, तिकडे खणा, सगळा एकच दगड. माझ्यासारख्यानं कपाळावर हात मारून कुंडी आणली असती. दाजींनी दुपारभर पाणी मारून तो धुतला, करड्या पट्ट्या न्याहाळल्या आणि मला फोन केला. "लालबागच्या टेकडीचा सख्खा भाऊ आहे! तीनशे कोटी वर्षं! आपल्या अंगणात!" लालबागचा तो खडक खरोखरच तेवढा जुना आहे आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं त्याला राष्ट्रीय स्मारक ठरवलंय. दाजींनीही त्यांच्यापुरतं ठरवून टाकलं. भोवतालची माती काढून दगड उघडा केला, कडेनं चप्पडी कल्लूच्या लाद्या उभ्या केल्या, एक दिवा सोडला. उन्हाळा आला. आक्कानं वर धुतलेलं धोतर अंथरलं आणि कुरडया घातल्या. इतका एकसारखा तापणारा दगड तिला जन्मात मिळाला नव्हता.

२०२४ च्या मार्चमध्ये शहरात पाण्याचा दुष्काळ पडला. पिण्याचं पाणी बागेला घातलं तर ५००० रुपये दंड, असा जलमंडळाचा हुकूम निघाला. कावेरी शंभर किलोमीटरवरून उपसून आणावी लागते, तेव्हा हुकूम रास्तच होता, आणि दाजींना तर मनापासून आवडला, कारण आता पाइप बदलायला सबळ कारण मिळालं. तांदळाचं धुवण कढीलिंबाला, वॉशिंग मशीनचं दुसरं पाणी तगरीला, अशी वाटणी झाली. त्या दिवसांत मी एक रात्र मुक्कामाला होतो. सकाळी न्हाणीच्या दारावर टकटक झाली. "साबण कमी लाव रे. तुझं पाणी अनंताला जातंय."

आता हे सगळं सांगताना माझा सूर जरा वैतागाचा लागतो, तो लागू दे. तीन वर्षं झाली, पाहुण्यांच्या खोलीचा पंखा अजून स्वयंपाकघरातल्या बटणानं चालतो. ही व्यवस्था तात्पुरती आहे. दाजींच्या घरात सगळ्यात टिकाऊ काही असेल तर तात्पुरतं. घर पुरं व्हावं अशी त्यांची इच्छा आहे, असं मला आता वाटत नाही. पण आमच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती महिनाभर आक्काकडे राहणार असं कळलं, तेव्हा हा माणूस गाडी काढून आमच्याकडे आला, तिच्या पाया पडायला वाकला, उठला, गप्पा मारल्या, चहा पिऊन गेला. कुणाला काही कळलं नाही. ती राहायला गेली तेव्हा न्हाणीत, संडासात, पलंगाशी, पायरीपाशी स्टीलच्या दांड्या होत्या, आणि हात जरासा पुढे केला की नेमका त्यांवर पडत होता. आईनं विचारलं, माझी उंची कशी रे कळली? दाजी म्हणाले, "नमस्कार केला तेव्हा टेप खिशात होती."

आता तर अज्जींच्या घरचा नळही तेच बघतात, आणि कधीतरी उगवणारा तो प्लंबर, आधी दाजींना दाखवून मग गल्लीतली कामं करतो. परवा आमच्या फ्लॅटवर आले. चौकटीवरून हात फिरला, दार पुढे-मागे झालं, "हं" झालं. मग थेट बेडरूममध्ये गेले आणि खिडकीखालची भिंत बोटाच्या पेरानं वाजवत बसले. बायको चहाचा कप हातात धरून तशीच उभी. मी म्हटलं, "दाजी, बिल्डरची गॅरंटी आहे अजून दोन वर्षं. तो करून देतो सगळं."

"बिल्डर कशाला? त्यात काय आहे!" ते म्हणाले. "शनिवारी येतो. शिडी आहे ना तुमच्याकडे, की आणू?"